तीन नंबरचा ढोल

गोळ्यांच्या त्या कारखान्यात सगळ्यात शेवटची खोली चकाकी खात्याची. साखरेचे थर चढवून, रंग देऊन झालेल्या गोळ्या तिथं यायच्या तेव्हा खडूसारख्या मंद दिसायच्या. चार मोठे तांब्याचे ढोल तिरके बसवलेले, तोंड उघडं. गोळ्या ढोलात पडायच्या, ढोल फिरायला लागायचा, वरून मापानं मेणाची पूड टाकायची, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याच गोळ्या काचेसारख्या चमकायला लागायच्या. ते मेण लांबच्या मुलखातून यायचं, ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवरून झाडून काढलेलं. गोणीवर त्याचं लांबलचक नाव छापलेलं असायचं, पण खात्यात सगळ्या बायका त्याला ताडमेणच म्हणायच्या.

दोन नंबरच्या ढोलावर वहिनी आणि तीन नंबरच्या ढोलावर वन्सं. कारखान्यात त्यांची खरी नावं फक्त हजेरीपुस्तकात होती. वन्सं आधीपासून तिथं कामाला होती. धाकट्या भावाचं लग्न झाल्यावर भावजयीला तिनंच आणून सुपरवायझरपुढं उभं केलं होतं, "ही माझी वहिनी, शिकेल लवकर," असं म्हणून. वहिनीनं पहिल्याच दिवशी "वन्सं, हे बटण कुठलं?" असं सगळ्यांदेखत विचारलं, आणि तेव्हापासून पोरीबाळींपासून साहेबापर्यंत सगळ्यांची एक वहिनी झाली आणि एक वन्सं.

पंधरा वर्षं दोघींचं बरं चाललं. नणंद-भावजयीचं चालतं तितपत बरं. वन्सं घरातली थोरली, लग्न न केलेली, भावाला आईच्या मायेनं वाढवलेली. तेव्हा मीठ किती आणि साबण कुठला यावरून रोज ठिणग्या उडायच्या आणि रोज विझायच्या. मग एकदा तयार मालाच्या पंचवीस पेट्या परत आल्या. गोळ्यांवर पांढरे ठिपके पडले होते. मेण जास्त पडलं की ते पडतात. त्याच महिन्यात वन्संला खात्याची मुख्य करायचं घाटत होतं. सुपरवायझरनं खोलीत येऊन विचारलं, "हा कोणाच्या ढोलातला माल?" वहिनी हातातल्या गोळ्या चाळत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "तीन नंबरच्या."

खरंच होतं ते. मुख्य कोणी दुसरीच झाली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात वन्सं म्हणाली, "खरं बोललीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घरचं माणूस म्हणून एक श्वास तरी थांबायचं होतंस."

"थांबून काय झालं असतं?" वहिनी म्हणाली.

वन्संनं तिच्याकडं पाहिलं, आणि नंतर अकरा वर्षं तिच्याशी बोलली नाही. वहिनीनंही मग हट्टानं तोंड उघडलं नाही. एका छपराखाली राहायचं, एका बसनं जायचं, हाताच्या अंतरावरच्या ढोलांवर आठ तास उभं राहायचं आणि हूं की चूं नाही. घरी निरोप्याचं काम भावाकडं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याकडं आलं. तो पाण्याचे मीटर वाचत गल्लोगल्ली फिरायचा. "दिवसभर मीटर, संध्याकाळी टपाल खातं," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि लोक हसायचे. "अरे, तिला सांग, तेल संपलंय." "अहो, त्यांना सांगा, कालच आणलंय, फडताळात आहे." तिघंही एकाच टेबलाशी बसलेले असायचे. कारखान्यात हेच काम रेडिओकडं. रेडिओ म्हणजे पेट्या बांधणारी बाई, चाळिशी उलटलेली, सकाळी सुरू झाली की सुट्टीच्या भोंग्यालाच बंद व्हायची, म्हणून रेडिओ.

वन्संला ताडमेणाचं वेडच होतं. तराजूभोवती सांडलेलं, पुन्हा मालात घालता न येणारं मेण ती सुपरवायझरला विचारून डब्यात भरून घरी आणायची. त्याचं ती भावाच्या बुटांचं पॉलिश करायची, टेबलाला लावायची, अडकणाऱ्या खणांच्या कडांना चोळायची, शिवणाचा दोरा त्यावरून ओढून घ्यायची म्हणजे तुटायचा नाही. हिवाळ्यात तेलात मुरवून ओठांना. दुकानात चकचकीत सफरचंद दिसलं की नखानं खरवडून भावाला म्हणायची, "बघ, आपलंच आहे हे." औषधाची गोळी घशाखाली घसरते ती ह्याच्यामुळं, साहेबाची गाडी चमकते ती ह्याच्यामुळं, दुकानातल्या पोरींच्या ओठांवरचा रंग टिकतो तो ह्याच्यामुळं. भाऊ म्हणायचा, "ताई, माणसाला लावलं तर?" ती म्हणायची, "काही माणसांना आतून लावलेलंच असतं." ते कोणाला उद्देशून आहे हे भांडी घासणाऱ्या वहिनीला कळायचं.

वन्सं गेली ती एका साध्या बुधवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर.

वहिनी आपला ढोल भरत होती, तीन नंबरकडं पाठ करून. चकाकीचं काम डोळ्यांपेक्षा कानाचं. गोळ्या आधी खसखसतात, मेण पसरलं की आवाज मोकळा होतो, खळखळ वाहिल्यासारखा, तेव्हा ढोल थांबवायचा. त्यापुढं गेलं की गोळी गोळीवर टणटण आपटते आणि आलेली चकाकी उतरते. तीन नंबरचा आवाज मोकळा झाला. मग पुढं गेला. टणटण सुरू झाली. वहिनीच्या हे लगेच लक्षात आलं. तीन नंबरचा माल वन्संनं कधी पुढं जाऊ दिला नव्हता. पण दुसऱ्याच्या ढोलात नाक खुपसायचं नाही, हे वहिनीनं अकरा वर्षं पाळलं होतं. तिनं आपलं मेण तोललं. मग न वळताच म्हणाली, "रेडिओ, तिला सांग, माल झालाय."

रेडिओच्या हातात अर्धवट बांधलेली पेटी होती. तिनं ती पूर्ण बांधली, चिकटपट्टी दातानं तोडली आणि गेली.

मग ती ओरडली.

वन्सं स्टुलावर बसली होती, पाठ भिंतीला, मेणाचं माप मांडीवर, पूड सांडलेली नाही. वहिनी तिच्यापर्यंत पोचली आणि तिनं आधी बटण बंद केलं. ढोल थांबला. तिनं आत हात घालून मूठभर गोळ्या काढल्या, पाहिल्या, परत टाकल्या. मग ती वन्संकडं वळली. नंतर हे रेडिओनं कोणाकोणाला सांगितलं असेल नसेल, पण वहिनीला ते कोणी सांगायची गरज नव्हती. आधी बटण, मग गोळ्या, मग माणूस. हा क्रम तिच्या डोक्यात तसाच राहिला, शिव्या न देता, रडू न आणता, नुसता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, बसल्या बसल्या गेल्या. "पाच-दहा मिनिटं आधी कळलं असतं तरी उपयोग नव्हता."

"पाच की दहा?" वहिनीनं विचारलं.

डॉक्टरांना ते नीट ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं.

शेवटचं सगळं उरकलं. शेजारीपाजारी येऊन गेले. भेटायला येणाऱ्यांची पंचाईत झाली होती; भाऊ ढसाढसा रडत होता, त्याच्याजवळ बसता येत होतं, पण वहिनीला काय म्हणायचं? दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य गल्लीला ठाऊक. एक म्हातारी हळूच म्हणाली, "सुटलीस गं बाई." वहिनीनं तिला पाणी दिलं. तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं, अडकल्यासारखंही वाटत नव्हतं. चहा पिताना तोंड भाजलं ते तिला संध्याकाळी टाळूवरचा फोड जिभेला लागला तेव्हा कळलं.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली. नवी बाई मिळेपर्यंत दोन्ही ढोल तिच्याकडं आले. ती दोन नंबरचा भरायची, तीन नंबरचा उतरवायची, दोन नंबरचा उतरवायची, तीन नंबरचा भरायची. माल निर्दोष. सुपरवायझर म्हणाला, "वहिनी, तुम्ही दोघींचं काम एकटीनं करताय." ती म्हणाली, "ढोल करतो." घरी ती तिघांची भाजी चिरायची आणि उरलेली दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायची. वन्संच्या खोलीचं दार ती सकाळी उघडायची, संध्याकाळी लावायची, हवा खेळावी म्हणून. आत जायची नाही. झोप लागायची, भूक लागायची. लोक म्हणतात तसं काळजाला घरं वगैरे काही पडलेली तिला जाणवत नव्हती. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि नंतर तासभर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसे दोन-अडीच महिने गेले.

मग टेबल मंद पडलं.

आधी एक पांढरं वर्तुळ उमटलं, चहाच्या कपाचं. मग दुसरं. अकरा वर्षं, खरं तर सव्वीस वर्षं, त्या टेबलावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहायचा. आता तो लाकडात शिरायला लागला. खण अडकायला लागला. नवऱ्याचे बूट राखाडी दिसायला लागले. तो ब्रश फिरवायचा, पण डबी खरवडून खरवडून तळ लागला होता. वहिनी एका रविवारी सकाळी टेबलाकडं बघत उभी राहिली. तिला वाईट वाटलं असं नाही. हे नीट करायला हवं, इतकंच वाटलं.

वन्संच्या खोलीत ताडमेणाचा अर्धा डबा होता, टर्पेंटाइनची बाटली होती. वहिनीनं मेण पातेल्यात टाकून आचेवर ठेवलं. ते वितळेना. साधं मेण कधीच वितळलं असतं, हे ढिम्म. मग एकदम वितळलं, तिनं थंड टर्पेंटाइन ओतलं आणि सगळं गोठून वाळूसारखं कणीदार झालं. दुसऱ्या रविवारी आच वाढवली, तर टर्पेंटाइन ओतताना भपकन जाळ उठला. भुवईचे केस गेले. नवरा धावत आला. "तुला येत नाही तर कशाला करतेस? विकत मिळतं की!"

"त्या कसं करायच्या?"

"मला काय माहीत? मी बूट घालायचो."

मग तोच म्हणाला, बसथांब्याजवळचा बूट दुरुस्तीवाला म्हातारा आहे ना, ताई त्याच्याकडं जाऊन काहीबाही विचारायची.

वहिनी शनिवारी कामावरून येताना त्याच्यापुढं उभी राहिली. म्हातारा टपरीत एक तळवा दातात खिळे धरून ठोकत होता. तिनं विचारलं, त्यानं खिळे काढून ठेवले.

"ताडमेण हट्टी असतं," तो म्हणाला. "पातेलं आचेवर ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, पाणी चांगलं उकळतं हवं. थोडं मधाच्या पोळ्याचं मेण घाला त्याच्या सोबतीला, एकट्यानं ते तडकतं. वितळलं की आच बंद. बंद म्हणजे बंद. टर्पेंटाइनची बाटली आधीच गरम पाण्यात उभी करून ठेवायची, म्हणजे दोघांना एकमेकांचा धक्का बसत नाही. मग धार धरून ढवळायचं." त्यानं तिच्या भुवईकडं पाहिलं. "तुम्ही त्यांच्या भावजय. कानवाली."

"कानवाली?"

"त्याच म्हणायच्या. माझ्या भावजयीला कान आहे, पाठ करून उभी असली तरी चारही ढोलांचा माल ओळखते. मला जमत नाही म्हणायच्या, मी घड्याळ बघते." म्हाताऱ्यानं बूट उलटा केला. "तुमचं बोलणं सुरू झालं होतं ना शेवटी? बरं झालं. गेल्या हिवाळ्यात सांगत होत्या, भावाकडं निरोप दिलाय म्हणून."

वहिनी म्हणाली, "हो." आणि घरी आली.

नवरा दारातच चपला काढत होता. तिनं त्याला आत येऊ दिलं, पाणी दिलं, समोर बसली.

"त्यांनी गेल्या हिवाळ्यात तुमच्याकडं माझ्यासाठी काय निरोप दिला होता?"

त्यानं आधी "कुठला?" म्हटलं. मग "बरेच असायचे" म्हटलं. मग पेला खाली ठेवला.

"म्हणाली, तिला सांग, मला कंटाळा आलाय या मौनाचा. ती एक शब्द बोलली तर मी दोन बोलेन."

"मग?"

"मी म्हटलं, सांगतो."

"आणि?"

"नंतर तिनं विचारलं, काय म्हणाली. मी म्हटलं, काही बोलली नाही."

भिंतीवरच्या घड्याळाखाली एक कोळी चढत होता. वहिनी त्याच्याकडं पाहत राहिली.

"का?"

"घर शांत होतं गं. तुम्ही बोलत होतात तेव्हा रोज कटकट, आणि मी मधल्यामध्ये. मग अकरा वर्षं दोघीही मलाच विचारायचात. तेल असो, मीठ असो, माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. तुम्ही एकमेकींशी बोलायला लागल्या असतात तर मला कोण विचारणार होतं?" तो थांबला. "मी सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो."

म्हणजे वन्सं तेव्हापासून शेवटपर्यंत हेच समजून हाताच्या अंतरावर उभी होती, की आपण हात पुढं केला आणि हिनं पाठ फिरवली. वहिनीला हे सगळं स्वच्छ कळलं, एकेक पायरी. पण कळलेलं पोटात उतरेना. ती उठली आणि दोन पेले विसळून पालथे घातले.

दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. शिक्षा म्हणून नव्हे. शब्द वर येतच नव्हता, आणि न बोलण्याची सवय तर हाडात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो हातात दुधाचं रिकामं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"दूध संपलंय," तो म्हणाला. "आता हे मी कोणाला सांगायला सांगू?"

वहिनीला हसू आलं. आवाज विचित्रच निघाला, खोकल्यासारखा. तोही घाबरून हसला आणि मग भांडं धरून रडायला लागला. तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"बसा," ती म्हणाली. "आणि त्या काय काय म्हणायच्या ते सगळं सांगा. तुम्ही गाळून सांगितलंत ते नको. त्यांच्या शब्दांत."

"सगळं चांगलं नव्हतं."

"मी कुठं म्हटलं चांगलं सांगा?"

मग रोज संध्याकाळी तो आठवेल तसं सांगायचा. "ताई म्हणते मीठ जरा जास्त झालंय" असं त्यानं तिला सांगितलं होतं ते मूळचं "डोळे काय देव्हाऱ्यात ठेवून मीठ टाकते का?" असं होतं. "ताई म्हणते डॉक्टरकडं जाऊन ये" हे मूळचं "खोकून खोकून मरेल आणि दोन नंबरवर कोणी मठ्ठ बाई आणून बसवतील, तिला ओढत ने" असं होतं. वहिनीनं नाकाला मिरच्या झोंबतील असलंही बरंच ऐकलं. एकदा तिनं उत्तरही दिलं, "अहो, मग तेल कोण सांडायचं?" आणि मग लक्षात आलं की उत्तर पोचवायला आता जागा नाही.   तरी दुसऱ्या दिवशी ती त्याला पुन्हा सांगा म्हणाली.

पॉलिश चौथ्या खेपेला जमलं. डबीत ओतलं, रात्रभरात लोण्यासारखं बसलं. टेबलावरची बरीचशी वर्तुळं गेली, दोन राहिली. ती लाकडाच्या आत गेली होती. तिनं त्यांच्यावर जास्त घासलं नाही. वन्संच्या खोलीतली कपाटं पुसली, कपडे ज्यांना बसतील त्यांना दिले. एक शाल ठेवली, कारण ती उबदार होती.

महिनाअखेरीस सुपरवायझरनं विचारलं, तीन नंबरला कोणाला घेऊ? बाहेरून बाई आणायची तर शिकवावी लागेल.

"रेडिओला घ्या," वहिनी म्हणाली.

"ती? ती तोंड बंद ठेवेल तर ढोल ऐकेल ना!"

"ऐकेल. मी आहे शेजारी."

रेडिओला स्वतःलाच विश्वास बसेना. त्या बुधवारपासून ती वहिनीसमोर जरा दबकूनच असायची. पहिल्या दिवशी मेणाचं माप हातात घेऊन ती म्हणाली, "वहिनी, एक बोलू? त्या दिवशी मी पेटी बांधत बसले. तुम्ही सांगितल्यावर लगेच उठले असते तर..."

"मीच उशिरा सांगितलं," वहिनी म्हणाली. "आणि मला स्वतःला वळता येत होतं. डॉक्टर म्हणाले उपयोग नव्हता. खरं असेल. टाक पूड, थोडी थोडी, एकदम नको."

"तुम्हाला वाईट वाटतं का हो?"

वहिनीनं विचार केला. "कुठं कुठं वाटायला लागलंय," ती म्हणाली. "सगळीकडं नाही अजून."

रेडिओनं पहिल्या आठवड्यात दोन ढोल घालवले, एकदा ठिपके, एकदा चकाकीच नाही, कारण गप्पांच्या नादात दार उघडं राहिलं आणि बाहेरची दमट हवा आत आली. सुपरवायझर तणतणत आला, "कोणाच्या ढोलातला?" वहिनीनं हातातलं काम थांबवलं, एक श्वास घेतला, दुसरा घेतला. "आमच्या खात्यातला," ती म्हणाली. "पुन्हा धुऊन रंगाला पाठवा." त्यानं कुरकुरत माल पाठवला.

तिसऱ्या आठवड्यात रेडिओचा सबंध ढोल एकसारखा उतरला, आंब्याच्या रंगाच्या गोळ्या, एकही डाग नाही. त्या दिवशी बसथांब्यापर्यंत ती अखंड बोलत होती. सासूचे गुडघे, भावाचं नवं घर, पहिल्या मजल्यावरच्या नळाचं पाणी, नवऱ्याची मिशी, ढोलाचा आवाज आता आपल्याला स्वप्नातसुद्धा कसा ऐकू येतो ते. वहिनीनं त्यातलं निम्मंअर्धं ऐकलं. नेहमीसारखं डोकं उठलं नाही. एकदा तिनं मध्येच विचारलंही, "मिशी का काढली?" आणि रेडिओ ते सांगत असतानाच बस आली.

"उरलेलं उद्या सांग," वहिनी म्हणाली, आणि चढली.